जीर्णलघुस्वयंचलितवाहनपृच्छामीमांसा
(प्रकरण पहिले : ओंटारियो प्रांत)

जुनी, लहान आणि स्वयंचलित मोटार विकत घेताना मराठी माणूस जे प्रश्न विचारतो, त्यांचा शास्त्रशुद्ध विचार मराठीत अद्याप झालेला नाही. ओव्यांचे संकलन झाले, म्हणींचे कोश झाले, शिलालेखांचे वाचन झाले. परंतु मिसिसागातल्या एखाद्या ड्राइव्हवेत, उणे बारा अंश तापमानात, कोटाच्या खिशात हात खुपसून उच्चारलेले "किती देते?" हे वाक्य कोणा अभ्यासकाने टिपून ठेवलेले नाही. प्रस्तुत निबंध ही उणीव दूर करण्याचा आरंभ होय. अभ्यासक्षेत्र पश्चिमेस हॅमिल्टन, पूर्वेस ओशावा आणि उत्तरेस बॅरी येथवर सीमित आहे. दक्षिणेस ओंटारियो सरोवर असल्यामुळे तिकडे वेगळी मर्यादा घालावी लागली नाही.

लक्षण आणि त्यावरील आक्षेप

ज्याचा पूर्वी अन्य स्वामी होऊन गेला आहे ते जीर्ण. ज्याच्या मागील आसनावर तिसरा मनुष्य बसला असता आधीचे दोघे परस्परांकडे पाहतात ते लघु. ज्यात डाव्या पायास नियत कर्म नाही ते स्वयंचलित. या तिन्ही लक्षणांनी युक्त ते जीर्णलघुस्वयंचलित वाहन.

या लक्षणावर दोन आक्षेप संभवतात. पहिला अव्याप्तीचा. स्मार्ट फोरटू या वाहनास मागील आसनच नसल्याने लघुत्वाचे लक्षण त्यास लागू पडत नाही, आणि तिच्याहून लघु गाडी तर टोरंटोच्या रस्त्यावर सापडणे कठीण. दुसरा अतिव्याप्तीचा. तीन आसनी रिक्षा जुनी असते, तिसरा मनुष्य बसला की तिच्यातही उक्त दृष्टिक्षेप घडतो, आणि क्लच डाव्या मुठीत असल्यामुळे डाव्या पायास तीतही कर्म नाही. म्हणून परिष्कृत लक्षण असे : "आसन असल्यास" हे पद लघुत्वात जोडावे, आणि "डाव्या पायास" याऐवजी "कोणत्याही डाव्या अवयवास क्लचविषयक" असे वाचावे. आता लक्षण निर्दोष झाले.

या कोटीत होंडा फिट, टोयोटा यारिस, ह्युंदाई ॲक्सेंट, किआ रिओ, शेव्हरोले स्पार्क, मित्सुबिशी मिराज इत्यादी येतात. निसान मायक्राचे स्थान विवाद्य आहे. ही गाडी २०१४ मध्ये कॅनडात ९,९९८ डॉलर या आरंभीच्या किमतीला अवतरली, २०१९ पर्यंत विकली गेली, आणि शेजारच्या अमेरिकेत ती कधीच विकली गेली नाही. तथापि त्या सुप्रसिद्ध किमतीत गिअर हाताने टाकावे लागत. म्हणजे ज्या मायक्राची ख्याती आहे ती या शास्त्राच्या बाहेर पडते, आणि जी शास्त्रात येते तिला ती किंमत नव्हती.

पृच्छेचे कालानुसारी प्रकार

पृच्छा म्हणजे ज्याच्या उत्तराने पृच्छकाचे मत बदलत नाही, परंतु जे विचारल्यावाचून त्यास परतता येत नाही, असे वाक्य. तिचे पाच प्रकार आहेत.

पहिली आह्वानपृच्छा. ही मोबाइलवर, इंग्रजीत आणि बहुधा रात्री अकरानंतर होते : "इज इट स्टिल अव्हेलेबल?" विक्रेत्याने होकार कळवताच पृच्छक कायमचा मौन धारण करतो. शाब्दबोधास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशी तीन अंगे लागतात असे शास्त्र सांगते. येथे योग्यता आहे, सन्निधी आहे, केवळ आकांक्षा नाही. दुसरी सन्निधिपृच्छा, वाहनासमोर उभे राहून. तिसरी चालनपृच्छा, चक्र हाती घेऊन. चौथी मूल्यपृच्छा. पाचवी पश्चात्पृच्छा. ही खरेदीनंतर, आणि खरेदीशी संबंध नसलेल्यांकडून होते : "केवढ्याला पडली?" पाचव्या प्रकाराचे साहित्य इतके विपुल आहे की त्यासाठी स्वतंत्र ग्रंथ योजला आहे.

"किती देते?" : दान आणि भक्षण

आता या शास्त्राच्या मध्यवर्ती प्रश्नाकडे वळू. पूर्वमीमांसेच्या रीतीने त्याचे अधिकरण मांडले पाहिजे.

विषय : "किती देते?" हे वाक्य. संशय : वाहन काही देते की घेते? पूर्वपक्ष दानवाद्यांचा. हा संप्रदाय पुणे, नाशिक, कोल्हापूर येथून आलेला. वाहन हे दात्याच्या स्थानी असून एका लिटरच्या बदल्यात ते किलोमीटर देते, आणि जे अधिक देते ते श्रेष्ठ, असे तो मानतो. उत्तरपक्ष कॅनडाच्या शासनाचा आहे. त्याच्या मते वाहन भक्षक असून शंभर किलोमीटरमागे ते अमुक लिटर खाते, आणि जे कमी खाते ते श्रेष्ठ. दोन्ही पक्षांचा अंक एकाच वाहनाविषयी असतो, पण एक वाढला की दुसरा उतरतो.

यातून उद्भवणारा अनर्थ दारुण आहे. विक्रेता सरळ मनाने "साडेसहा" म्हणतो. दानवादी पृच्छक ते प्रतिलिटर समजून निमूट परत फिरतो. वस्तुतः साडेसहा लिटर खाणारी गाडी दानपक्षी १५.४ किलोमीटर देते. उलटपक्षी चौदा लिटर खाणारा पिकअप ट्रक त्यास "चौदा देणारा", म्हणजे उदार वाटतो, जेव्हा तो देतो केवळ ७.१. लहान गाडी पाहायला गेलेली कुटुंबे ट्रक घेऊन का परततात, याचे अन्य कोणतेही समाधानकारक स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकास मिळालेले नाही.

दोन्ही संप्रदायांचा समबिंदू दहा हा आहे. दहा देणारी गाडी दहाच खाते. या एका अंकावर दानवादी व भक्षणवादी यांचे ऐकमत्य असल्याने, वादाची भीती असेल तेथे विक्रेत्याने "दहा" सांगावे.

याखेरीज गॅलनवाद्यांचा एक प्राचीन पंथ आहे. कॅनडातील रस्त्यांचे फलक १९७७ च्या सप्टेंबरात किलोमीटरमध्ये बदलले, पण त्यापूर्वी आलेले ज्येष्ठ अजूनही "तीस मैल" म्हणतात. हे तीस मैल ४.५४६ लिटरच्या साम्राज्यीय गॅलनचे की ३.७८५ लिटरच्या अमेरिकी गॅलनचे, हे ते सांगत नाहीत. साम्राज्यीय तीस म्हणजे प्रतिलिटर १०.६ किलोमीटर, अमेरिकी तीस म्हणजे १२.७५. या पंथाशी वाद करू नये; सरोवराकाठच्या सहलीत बहुधा याच पंथाचे लोक बटाटेवडे आणतात.

वामपादविचार

ज्याने कोथरूडच्या गल्लीबोळांत मोटार शिकली, त्याचा डावा पाय क्लचवर संस्कारित झालेला असतो. चालनपृच्छेच्या वेळी तो पाय कर्माच्या शोधात पुढे जातो, त्यास एक रुंद पट्टी सापडते आणि तो ती पूर्ण दाबतो. ती पट्टी ब्रेकची असते. मागे बसलेली पत्नी, विक्रेता आणि त्याचा कुत्रा हे एकसमयावच्छेदेकरून पुढे येतात. त्यानंतर "डाव्या पायाचं काय करायचं?" हा प्रश्न जन्मतो.

यावर दोन मते आहेत. वामपादसंन्यासवादी म्हणतात, पायाने सर्वकर्मत्याग करून खालच्या पादपीठावर स्थिर व्हावे. वामपादकर्मयोगवादी म्हणतात, ब्रेक डाव्याने व ॲक्सिलरेटर उजव्याने, अशी कर्मविभागणी करावी. दुसऱ्या मताच्या अनुयायांच्या ब्रेक पॅडांची झीज पाहता पहिले मतच ग्राह्य होय. काही साधक डावा पाय मांडीखाली घेतात. तो हठयोगाचा विषय असल्याने येथे त्याची चर्चा केलेली नाही.

गिअरमुक्तीचा इतिहास पाहू जाता कॅनडाचा मान मोठा आहे. रेजायना येथील आल्फ्रेड हॉर्नर मन्रो यांनी १९२१ मध्ये संकुचित हवेवर चालणारी स्वयंचलित गिअरपेटी योजली आणि १९२३ मध्ये तिचे कॅनडाचे पेटंट मिळवले. ती बाजारात रुजली नाही. तेलाच्या दाबावर चालणारी ओल्ड्समोबिलची हायड्रामॅटिक १९३९ मध्ये आली आणि जग तिच्या मागे गेले. पुढे १९५८ मध्ये डाफ या डच कंपनीने पट्टा आणि दोन शंकूंच्या योगे अखंड बदलणारे गुणोत्तर साधले. आजच्या छोट्या गाड्यांतील सीव्हीटी ही त्याच वंशातली. म्हणून "ऑटोमॅटिक आहे ना?" ही पृच्छा अपुरी ठरते. पृच्छकाने ती चार गिअरांची जुन्या घडणीची की सीव्हीटी हे विचारावे, आणि सीव्हीटी असल्यास तिचे तेल कधी बदलले हे विचारावे. या प्रश्नास उत्तर म्हणून विक्रेता आकाशाकडे पाहतो. तो दृष्टिक्षेप हेच उत्तर समजावे.

दांड्यावरील पी, आर, एन, डी या चार अक्षरांचा अर्थ सर्वविदित आहे. पाचवे "एल" हे कशासाठी, असे विचारणारा पृच्छक सहसा आढळत नाही. जे आढळतात ते उतारावर राहणारे असतात.

प्रमाणविचार

वाहन निर्दोष आहे हे ज्ञान कशाने होते? चार प्रमाणे प्रसिद्ध आहेत. उपमान ("अगदी आमच्या चिंचवडच्या वॅगन-आरसारखी") दुर्बळ असल्याने सोडून देऊ.

अनुमान पंचावयवी असते. प्रतिज्ञा : ही गाडी गळकी आहे. हेतू : हिच्याखाली बर्फावर लाल डाग आहे म्हणून. उदाहरण : जेथे जेथे असा डाग तेथे तेथे गिअरपेटीच्या तेलाची गळती, यथा मेहुण्याची कोरोला. उपनय : हिच्याखालीही तसाच डाग आहे. निगमन : तस्मात् ही गळकी. विक्रेता यावर "तो शेजारच्या गाडीचा डाग" असे म्हणतो, म्हणजे हेतू पक्षावर नाहीच असा स्वरूपासिद्धीचा आरोप करतो. पृच्छकाने गाडी पुढे घ्यायला लावून दहा मिनिटे थांबावे.

शब्दप्रमाणात गाडीचा पूर्वेतिहास सांगणारा कार्फॅक्सचा अहवाल येतो, आणि याच ठिकाणी प्राचीन वाद पुन्हा पेटतो. अहवालात अपघाताची नोंद नाही. यावरून अपघाताचा अभाव सिद्ध होतो काय? कुमारिल भट्टांचा संप्रदाय अनुपलब्धी हे अभावज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतो. प्राभाकर मानत नाहीत. ब्रॅम्प्टनमधील नवागत बहुधा भाट्ट असतात : नोंद दिसली नाही, म्हणून अपघात नाही. तेथे दहा वर्षे काढलेले प्राभाकर होतात, कारण परस्परांत रोखीने मिटवलेली टक्कर कोणत्याही नोंदवहीत जात नाही हे त्यांनी पाहिलेले असते. कित्येकदा एकाच घरात पती भाट्ट व पत्नी प्राभाकर असते, आणि निर्णय प्राभाकर मताने होतो.

खासगी विक्रीत विक्रेत्याने यूव्हीआयपी हे वीस डॉलरचे पुडके देणे ओंटारियोत बंधनकारक आहे. त्यात पूर्वीचे नोंदणीकृत मालक आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे की काय हे असते. हे पुडके मागितल्यावर "ते काय असतं?" असे विक्रेत्याने विचारल्यास मीमांसा तेथेच थांबवून घरी जावे.

प्रत्यक्षप्रमाण मुख्यतः गंजाविषयी आहे. हिवाळ्यात येथील रस्त्यांवर मीठ पसरतात. ते बर्फ वितळवते आणि मग लोखंड. गंजाच्या तीन अवस्था आहेत. पृष्ठगंज तपकिरी व निरुपद्रवी. बुद्बुदगंज रंगाखाली फुगलेला, चाकांच्या कमानींवर व मागच्या दारावर. छिद्रगंज मात्र दारांखालच्या पट्टीत असतो आणि बोट लावताच खारीच्या पापुद्र्यासारखा गळून येतो. खरा पंडित याहून खाली, ब्रेकच्या नळ्यांकडे पाहतो. रंगाखाली लांबी भरली असल्याचा संशय असेल तर फ्रिजवरचे चुंबक लावून पाहावे, लांबीवर ते चिकटत नाही. चुंबकावर गणपती असल्यास विक्रेताही आक्षेप घेत नाही.

गंज दाखवताच विक्रेता "कुठल्या गाडीला नसतो, सांगा?" असे म्हणतो. न्यायसूत्रांनी वादातील पराभवाची बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. स्वतःवरील दोष मान्य करून तोच दुसऱ्यावर टाकणे हे त्यांपैकी मतानुज्ञा. "बरं, ही स्टिरिओ सिस्टिम बघा" हे अर्थान्तर. फोन आल्याचे सांगून आत जाणे हा विक्षेप. विक्षेप झाला की किमतीत दोनशे डॉलर उतरवून मागणे शास्त्रसंमत आहे.

सप्तदशाक्षरी

प्रत्येक गाडीस १७ चिन्हांचा व्हिन, म्हणजे ओळखक्रमांक, असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वर्ज्य आहेत. पहिले चिन्ह जन्मभूमी सांगते : २ कॅनडा, ३ मेक्सिको, जे जपान, के कोरिया. त्यामुळे केंब्रिज, ओंटारियो येथे जन्मलेली कोरोला दोनाने आरंभते आणि आग्वासकॅलिएंतेस येथील मायक्रा तिनाने. मिराजचा व्हिन "एम"ने सुरू होतो, आणि भारतात घडलेल्या गाड्यांचाही तसाच. यावरून मिराज स्वदेशी मानून तिच्याविषयी विशेष ममत्व बाळगणारा एक भावुक पंथ मिसिसागात उदयास आला होता. द्वितीयाक्षर "एल" असून ते थायलंडचे आहे, हे निदर्शनास आणून दिल्यावर पंथ विसर्जित झाला.

लुप्तप्रयोजन पृच्छा

काही प्रश्नांचे प्रयोजन नष्ट झाले, पण उच्चारण चालू आहे. "ई-टेस्ट झाली का?" ही त्यांपैकी प्रमुख, खासगी मोटारींची ड्राइव्ह क्लीन धूरतपासणी १ एप्रिल २०१९ रोजी बंद झाली. "स्टिकर कधीपर्यंत आहे?" ही दुसरी, मार्च २०२२ मध्ये नंबरप्लेटवरील त्या नोंदणी-स्टिकरांचे शुल्क आणि स्टिकर दोन्ही गेले. अशा पृच्छा गाळू नयेत. त्या विचारणारा येथे जुना आहे, असा विक्रेत्याचा ग्रह होतो.

ऋतुविचार व भारविचार

विनिपेग वा एडमंटनहून आलेल्या गाडीच्या नाकातून एक विजेची वायर लोंबत असते. ती पाहून नवागत विचारतो, "ही इलेक्ट्रिक आहे का?" ती ब्लॉक हीटरची, म्हणजे कडाक्याच्या थंडीत इंजिन रात्रभर ऊबेत ठेवण्याची वायर होय. टोरंटोत तिची गरज क्वचितच पडते, तरी ती कापू नये. शेजारी तिच्याविषयी विचारतात आणि ओळखी वाढतात.

"विंटर टायर देणार का?" या पृच्छेचे बळ प्रांतानुसार बदलते. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्याने सक्तीचे आहेत. ओंटारियोत सक्ती नाही, मात्र २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यांवर सवलत द्यावी लागते. टायरवरील शेवटचे चार अंक वाचावेत : ३५१४ म्हणजे २०१४ चा पस्तिसावा आठवडा. "नवीनच आहेत" हे वाक्य त्या अंकांशी ताडून पाहावे.

डिकीची क्षमता निर्माते लिटरमध्ये सांगतात. मराठी कुटुंबात ती तेवीस किलोच्या बॅगांत मोजली जाते. आई-बाबा पिअर्सन विमानतळावर उतरतात तेव्हा प्रत्येकी दोन अशा चार बॅगा आणि हातात लोणच्याची एक स्वतंत्र पिशवी असते. म्हणून "चार बॅगा बसतील का?" ही पृच्छा सर्व लघुवाहनांस समान रीतीने घातक ठरते. बसत नाहीत. बाबा पुढे, आई मागे, आईच्या दोन्ही बाजूंस दोन बॅगा, डिकीत दोन, पिशवी आईच्या मांडीवर, आणि सूनबाई लोकल ट्रेनने : ही रचना मानक मानावी.

मूल्यविचार

"शेवटचे किती?" ही पृच्छा आरंभीच करतात. "कागदावर कमी लिहूया का?" ही तिची उपपृच्छा नीतीबरोबरच गणितातही फसते. खासगी विक्रीवरील १३ टक्के कर, लिहिलेली किंमत आणि रेड बुक या किंमतसूचीतील घाऊक किंमत यांपैकी जी अधिक तिच्यावर आकारतात. जवळच्या नातलगास भेट दिलेल्या गाडीवर शपथपत्र दिल्यास हा कर लागत नाही. मानलेला भाऊ या नात्यास ओंटारियोत मान्यता नाही.

"नाही आवडली तर परत घ्याल का?" असे डीलरला विचारणारे आहेत. प्रांताच्या कायद्यात डीलरकडून घेतलेली गाडी मन बदलले म्हणून परत करण्याची मुदत नाही. "सेफ्टी करून देणार का?" ही त्यामानाने सार्थ पृच्छा आहे, कारण सेफ्टीच्या, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या, प्रमाणपत्रावाचून गाडी प्लेट लावून रस्त्यावर आणता येत नाही. परंतु ते फक्त ३६ दिवस ग्राह्य असते, म्हणून त्यावरची तारीख पाहावी.

अंकशास्त्रीय पृच्छा

शेवटी एका पृच्छेचा निर्णय द्यायचा राहिला. ती सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर करतात : "नंबर काय आहे? बेरीज किती येते?" नऊ आल्यास संमती, आठ आल्यास व्यवहार स्थगित, असा संकेत आहे. या पृच्छेत विषयच नाही. ओंटारियोत नंबरप्लेट गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली की प्लेट त्याच्याकडेच राहते. घेणाऱ्याने सहा दिवसांच्या आत गाडी आपल्या नावावर करून स्वतःची प्लेट लावायची असते. ज्या अंकांची बेरीज पुण्यात चालली आहे, ते विक्रेता स्क्रूड्रायव्हरने काढून घरात घेऊन गेलेला असतो.